रिकामी खोबण

१

लॅपटॉपच्या पोटावरचं झाकण उघडलं, तेव्हा आतली दुसरी खोबण रिकामी होती.

भिंगवाले थोडा वेळ नुसतेच त्या खोबणीकडे पाहत राहिले. अडीच आठवड्यांपूर्वी, एका सोमवारी, याच खोबणीत त्यांनी आठ जीबीची नवी कोरी मेमरीची पट्टी स्वतःच्या हातांनी बसवली होती. मूळची चार जीबीची पट्टी शेजारी तशीच होती. नवी मात्र गायब.

काउंटरच्या पलीकडे, लॅपटॉप ज्यांचा होता त्या काकूंचा पुतण्या हाताची घडी घालून उभा होता. चांगल्या कपड्यांतला, घाईतला माणूस. त्याने आवाज चढवला नाही, पण शब्द मोजून टाकले. काकूचा लॅपटॉप परत रखडायला लागला, म्हणून काल तो ऑफिसात नेला. तिथल्या माणसाने पाहताक्षणी सांगितलं, की यात चारच जीबी आहे, वाढवलेलं काहीच नाही. म्हातारं माणूस पाहून कुणी फसवावं, याचं त्याला फार वाईट वाटलं होतं.

भिंगवाल्यांना हे लागलं. सव्वीस वर्षं ते त्या आठ बाय दहाच्या दुकानात बसत होते. कपाळावर पट्ट्याने बांधलेलं भिंग असायचं, म्हणून सगळे त्यांना भिंगवाले म्हणत. खरं नाव बायको घ्यायची. सहा वर्षांपूर्वी ती गेल्यापासून ते नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं. माणसाजवळ दुसरं काही नसलं, की हातातल्या कामाचा चोखपणा हेच त्याचं घरदार होऊन बसतं.

त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं आणि झाकण उजेडाखाली धरलं.

झाकणाच्या कडेवर त्यांचं कागदी सील होतं. त्यावर त्यांची सही आणि तारीख होती. मधून ते कापलेलं होतं, पात्याने, कडेच्या रेषेबरहुकूम, आणि नंतर बोटाने दाबून परत चिकटवलेलं. दोन्ही स्क्रूंच्या डोक्यांवर एक ओरखडा नव्हता. खोबणीच्या बाजूच्या चिमट्यांवरही नव्हता. नवखा माणूस पट्टी उपटून काढतो आणि चिमटे वाकवतो. इथे ते अलगद बाजूला सारले गेले होते.

"मी पट्टी बसवली होती, हे सील सांगतंय," भिंगवाले म्हणाले. "ती नंतर कुणीतरी काढली. ज्याने काढली त्याचा हात माझ्याइतकाच हलका आहे."

पुतण्याने सील निरखून पाहिलं. त्याचा राग उतरला नाही, त्याने फक्त दिशा बदलली. घरात काकू एकटीच असते, तो म्हणाला. किल्ली फक्त कामाला येणाऱ्या बाईकडे आहे. आजच तिला यायचं बंद करायला सांगतो.

भिंगवाले काही बोलणार, तोवर तो पायऱ्या उतरून गेलाही होता. लॅपटॉप काउंटरवरच होता. ते झाकण लावायला वाकले, तेव्हा डाव्या चिमट्यात काहीतरी अडकलेलं दिसलं. चिमटीत धरून त्यांनी ते बाहेर काढलं.

पिवळ्या रंगाचा एक मऊ, बारीक धागा.

२

शनिवारी दुकान अर्धं बंद ठेवून ते काकूंकडे गेले. तिसरा मजला, दोन खोल्या. दार काकूंनीच उघडलं. पंचाहत्तरीच्या, ताठ बसणाऱ्या, केस घट्ट बांधलेल्या. मेमरी बसवायला त्या स्वतः दुकानात आल्या होत्या आणि काउंटरला नाक लावून त्यांनी सगळं काम पाहिलं होतं. ही पट्टी काय करते, ती कशी धरायची, चिमटे का असतात, असं एकेक विचारलं होतं. अशी गिऱ्हाइकं विरळा, म्हणून भिंगवाल्यांच्या त्या लक्षात राहिल्या होत्या.

खोली लखलखीत होती. टेबलावर लॅपटॉपची जागा मोकळी ठेवलेली, आणि तिच्यासमोर खुर्ची तशीच मांडलेली. जेवायचं टेबल चौघांचं होतं. त्यातल्या तीन खुर्च्यांवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते.

लॅपटॉप कशासाठी लागतो, असं विचारल्यावर काकू मोकळ्या झाल्या. लेक परदेशात असते. लग्न होऊन गेली त्याला अकरा वर्षं झाली. दर बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजता व्हिडिओ कॉल. पूर्वी चित्र अडकायचं, आवाज तुटायचा. मेमरी वाढवल्यावर कसं अगदी समोर बसल्यासारखं दिसायला लागलं.

"मग बरं झालं असेल," भिंगवाले म्हणाले.

"हो, बरं झालं," काकू म्हणाल्या, आणि खिडकीकडे पाहू लागल्या. मग जरा वेळाने, आपण होऊन म्हणाल्या, की लेक हल्ली बसायची जागा बदलून बसते. आधी टेबलाशी बसायची, दिव्याखाली. आता खिडकीकडे पाठ करून बसते. मागून इतका उजेड येतो, की तोंड काळंच दिसतं. विचारलं तर म्हणते, इथे ऊन छान येतं.

बोलता बोलता त्यांची नजर भिंगवाल्यांच्या चष्म्यावर गेली. डावी काडी सैल झालीय, त्या म्हणाल्या, आणि हात पुढे केला. भिंगवाल्यांनी निमूटपणे चष्मा दिला. काकूंनी खणातून करंगळीएवढा स्क्रू ड्रायव्हर काढला, दोन वेढ्यांत काडी घट्ट केली, फडक्याने काचा पुसल्या आणि चष्मा परत दिला. चष्म्याच्या दुकानात एकतीस वर्षं काचा बसवल्या मी, असं म्हणताना त्या पहिल्यांदा हसल्या.

भिंगवाल्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. खोली एकदम स्वच्छ दिसायला लागली.

ते निघाले, तेव्हा काकू दारापर्यंत आल्या. कडीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "ताईला परत बोलावता येईल का हो? काल पुतण्याने तिला काढलं. ती तशी नाही."

"मग कशी आहे, ते पुतण्याला का नाही सांगितलंत?"

काकूंनी दार लावून घेतलं.

३

जिन्यातच एका भाषांतरकाराने त्यांना गाठलं. हा काकूंच्या डोक्यावरच्या खोलीत भाड्याने राहायचा. चाळिशीचा, दाढी वाढलेली, दिवसभर घरातच. आपल्यावर संशय येणार, हे त्याने आधीच ओळखलं होतं, म्हणून तो स्वतःच चालून आला होता. इंटरनेट तो काकूंचंच वापरायचा. मंगळवारी त्यांचा इंटरनेटचा डबा बंद पडला, तेव्हा तो खाली गेला होता आणि अर्धा तास त्या खोलीत होता. त्यातला निम्मा वेळ काकू स्वयंपाकघरात होत्या.

शिवाय महिनाभरापूर्वी त्याने भिंगवाल्यांच्याच दुकानात येऊन मेमरीची किंमत विचारली होती आणि ऐकून परत गेला होता. भिंगवाल्यांना ते आठवत होतं. त्यांना आठवतंय, हे त्यालाही कळलं होतं.

"वर चला," तो म्हणाला. "माझं मशीन उघडून बघा."

खोलीत पुस्तकं, एक पलंग आणि एक लॅपटॉप. भिंगवाल्यांनी तिथल्या तिथे तो उलटा केला आणि झाकण काढलं. आत जुन्या पिढीची एकच पट्टी होती, धुळीने माखलेली. या मशीनला काकूंची पट्टी बसूच शकत नव्हती. नव्या पट्टीच्या दातांमधली फट वेगळ्या जागी असते. जोर केला तरी ती आत जात नाही. पट्टी विकायची म्हटलं, तर बाजारात जेमतेम दोन वेळच्या जेवणाचे पैसे आले असते.

शिवाय त्याच्या टेबलावरचा एकुलता एक स्क्रू ड्रायव्हर जाड आणि बोथट होता. त्याने त्या बारीक स्क्रूंची डोकी सोलवटून निघाली असती.

भिंगवाल्यांनी धूळ झटकून दिली आणि झाकण लावलं. भाषांतरकार मोकळा श्वास घेऊन पलंगावर टेकला. मग म्हणाला, की बुधवारी संध्याकाळी काकूंचा आवाज वर येत होता. ऐकू येतंय का, दिसतेय का मी, असं पुन्हा पुन्हा. चित्र अडकत असणार.

"वैतागल्या असतील," भिंगवाले म्हणाले.

भाषांतरकाराने मान हलवली. "तेच तर नवल. गाणं म्हणावं तशा बोलत होत्या."

४

ताई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. रविवारी सकाळी भिंगवाले पोचले, तेव्हा ती दाराशी बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

भिंगवाल्यांनी आपण कोण ते सांगितलं. मी आरोप करायला आलेलो नाही, असंही सांगितलं. तेव्हा ती उठली आणि आतून कागद घेऊन आली. बहिणीचं ऑपरेशन होतं. गेल्या रविवारी दुपारीच ताई शेजारच्या शहरातल्या हॉस्पिटलात गेली आणि बुधवारी रात्री परतली. कागदावर तारखा होत्या, सोबत राहणारी म्हणून तिची सही होती. गुरुवारी कामावर गेली, तर पुतण्या मशीन घेऊन निघालेलाच होता.

"चोर म्हटल्याचं इतकं नाही लागलं," ती एका सदऱ्याची घडी मोडून परत घालत म्हणाली. "तो मुलगा मला ओळखत नाही. काकू ओळखतात. नऊ वर्षं ओळखतात. त्या तिथेच बसल्या होत्या आणि गप्प राहिल्या."

काकूंच्या वागण्यात एवढ्यात काही फरक पडला होता का, एवढं भिंगवाल्यांनी विचारलं. ताईने विचार केला. मशीन दुरुस्त होऊन आल्यापासून काकू जेवण कमी करायला लागल्या होत्या, ती म्हणाली. कॉल संपला तरी मशीन बंद करायच्या नाहीत. पडदा काळा होऊन जायचा आणि त्या समोर बसून राहायच्या. एकदा ती झाडलोट संपवून निघाली, तेव्हाही त्या तशाच बसलेल्या होत्या, मांडीवर हात ठेवून. कॉल लागलाय की काय असं वाटून ती पाय न वाजवता निघून गेली होती.

भिंगवाले घाईने दुकानात परतले. आपण सुरुवातीपासून चुकीचा प्रश्न विचारत होतो, असं त्यांना वाटायला लागलं होतं. पट्टी कुणाला हवी होती, हे ते शोधत होते. ती कुणाला नको होती, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

५

लॅपटॉपचा पासवर्ड पुतण्याने दिलेलाच होता. भिंगवाल्यांनी आजवर कुणाच्या मशीनमधलं खाजगी काही पाहिलं नव्हतं. आज त्यांनी फक्त कॉलची यादी उघडली. बोलणं त्यात नसतं, वार, वेळ आणि मिनिटं असतात.

मेमरी बसवण्याआधीचे कॉल त्यांनी पाहिले. प्रत्येक दिवशी चार-पाच तुकडे. तुटलेला कॉल, परत लावलेला, परत तुटलेला. तुकड्यांची बेरीज केली तर एक्केचाळीस मिनिटं, अडतीस, सेहेचाळीस.

मग तो सोमवार आला. त्यानंतरच्या बुधवारी एकच सलग कॉल, बारा मिनिटांचा. रविवारी आठ. पुढच्या बुधवारी सहा. रविवारी पाच.

आणि या बुधवारी परत चार तुकडे. एकूण एकोणचाळीस मिनिटं.

म्हणजे पट्टी रविवार संध्याकाळ ते बुधवार संध्याकाळ या वेळात निघाली होती. तेव्हा ताई गावात नव्हती. पुतण्या घरी आला तो गुरुवारी. भाषांतरकाराच्या उपयोगाची ती पट्टीच नव्हती.

भिंगवाल्यांनी खिशातली पुडी सोडली. पिवळा धागा दिव्याखाली धरला. चष्म्याच्या काचा पुसायच्या फडक्याचा असा धागा असतो. काल त्यांचा स्वतःचा चष्मा तसल्याच फडक्याने पुसला गेला होता.

घड्याळात अडीच वाजले होते. कॉल पाच वाजता होता. त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला.

६

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि त्या बाजूला झाल्या.

भिंगवाल्यांनी एकेक करून सगळं मांडलं. सील, न खरचटलेले स्क्रू, धागा, वार आणि मिनिटं. आवाज खालचाच ठेवला. त्यांचं बोलून झालं, तेव्हा काकू उठल्या, कपाटातून चष्म्याचं एक घर आणलं आणि टेबलावर उघडलं. आत मखमलीवर, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली पट्टी होती.

"तुम्ही सांगितलं होतंत, सोनेरी दातांना बोट लावायचं नाही," त्या म्हणाल्या. "लावलेलं नाही."

मग त्या एका दमात बोलल्या.

"चित्र अडकायचं, तेव्हा ती म्हणायची, आई, थांब, परत लावते. परत लावायची. पाचदा कॉल लागायचा आणि पाचदा ती नव्याने भेटल्यासारखी आई म्हणायची. दिसतेय का, ऐकू येतंय का, यातच तास जायचा. मला वाटायचं, मशीन नीट झालं की किती बोलू. मशीन नीट झालं आणि कळलं, आमच्याकडे पाचच मिनिटांचं बोलणं आहे."

पुतण्याने मशीन नेलंच, तर तो तुमच्या दुकानात जाईल, तुम्ही दुसरी पट्टी बसवाल, मग बघू काय ते, असा त्यांचा हिशेब होता. ताईचं नाव येईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते आलं, तेव्हा शरमेने जीभ उचलली नाही.

"ताईला आता सांगाल?"

काकूंनी फोन घेतला. आधी पुतण्याला लावला. मी काढली, असं तीनदा म्हणावं लागलं, कारण त्याचा विश्वास बसेना. मग ताईला लावला. ताईने उचलला नाही. काकूंनी पुन्हा लावला, पुन्हा, आणि मग फोन पालथा ठेवला.

भिंगवाल्यांचं काम इथे संपलं होतं. पण ते उठले नाहीत. एक गोष्ट त्यांच्या मनात टोचत होती.

"काकू, तुम्ही मिनिटांवरून एक अर्थ काढलात," ते म्हणाले. "मला तो पटत नाही. बोलायचं नसतं, तर ती पाचदा कशाला परत लावायची? पहिल्या तुटीलाच सुटली असती."

काकू पाहत राहिल्या.

"आता स्वच्छ दिसायला लागेल असं तुम्ही तिला सांगितलं असणार. तेव्हापासून ती दिव्यापासून उठली आणि खिडकीकडे पाठ करून बसली. अंधुक दिसत होतं तोवर ती पाऊण तास बसू शकत होती. स्वच्छ दिसायला लागल्यावर तिला पाच मिनिटंच निभावता येतं."

"काय निभावता येतं?"

"ते मला नाही माहीत," भिंगवाले म्हणाले. "तिला विचारायला लागेल."

काकूंनी पट्टी फडक्यासकट उचलून त्यांच्या हातात ठेवली. भिंगवाल्यांनी लॅपटॉप उलटा केला आणि ती परत रिकाम्या खोबणीत बसवली.

७

पाचला दोन मिनिटं कमी असताना लॅपटॉप सुरू झाला. भिंगवाले निघत होते, पण काकूंनी त्यांना हाताने थांबवलं. ते कॅमेऱ्यात येणार नाहीत असे, आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

चित्र आलं, सलग, न अडकता. उजेडाने भरलेली खिडकी आणि तिच्यापुढे एक काळी आकृती.

"आई, आज चांगलं दिसतंय की," आकृती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता.

काकूंनी प्रस्तावना केली नाही. मशीन मुद्दाम बिघडवलं, ते का, आणि त्यापायी एका भल्या बाईवर आळ आला, सगळं सांगितलं. पलीकडून काहीच आवाज आला नाही. चित्र अडकलं की काय असं भिंगवाल्यांना क्षणभर वाटलं, पण खिडकीतलं झाड हलत होतं.

"दिवा लाव, बाळ," काकू म्हणाल्या.

"इथे ऊन आहे, आई."

"पडदा ओढ आणि दिवा लाव."

आकृती उठेना. काकू थांबून राहिल्या. कितीतरी वेळाने तिने मागे हात नेला, पडदा ओढला, आणि मग दिवा लागला.

चेहरा ओढलेला होता. डोळ्यांखाली काळं. मागे एक अरुंद पलंग आणि भिंतीला टेकलेली न उघडलेली खोकी. ते तिचं घर नव्हतं. तिने सांगितलं, आठ महिन्यांपूर्वी नवरा आणि ती वेगळे झाले होते. तेव्हापासून ती या भाड्याच्या खोलीत राहत होती आणि आठवड्यातून दोनदा आईला सगळं ठीक असल्याचं सांगत होती.

काकू रडल्या नाहीत. त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"जेवलीस?"

"नाही," लेक म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लं नाही मी."

भिंगवाल्यांनी भिंतीच्या कडेकडेने जाऊन दार उघडलं आणि आवाज न करता मागे ओढून घेतलं.

८

पुतण्याने दुकानात येऊन दिलगिरी व्यक्त केली. ती मनापासूनची होती आणि त्याला ती नीट जमली नाही.

ताईचं प्रकरण इतकं सोपं गेलं नाही. काकू स्वतः रिक्षा करून तिच्या घरी गेल्या, तरी तिने आठ दिवस लावले. नंतर आली, काम पूर्वीसारखंच करायची, पण पूर्वीसारखी चहाला बसायची नाही. काकू रोज दोन कप ठेवायच्या आणि रोज एक ओतून टाकायच्या. आपण गप्प बसलो होतो, त्यासाठी निदान एवढं तर सोसलंच पाहिजे, असं त्या भिंगवाल्यांना म्हणाल्या.

लेक दोन महिन्यांनी आली. भिंगवाल्यांना ते कळलं एका दुपारी. काउंटरपाशी एक बाई येऊन उभी राहिली. काम काही नव्हतं तिच्याकडे. मी काकूंची मुलगी, म्हणाली, आणि ओळखीचं हसली.

तुम्ही मला कसं ओळखता, असं भिंगवाल्यांनी विचारलं.

"त्या दिवशी तुम्ही खोलीत होतात. आईच्या मागे काचेचं कपाट आहे, त्यात दिसत होतात. चित्र फारच स्वच्छ होतं." तिने काउंटरवर हात टेकले. "आई दिवा लाव म्हणत होती आणि मी लावणार नव्हते. तुम्ही दाराशी उभं राहून डोळे पुसत होतात. हा कोण अनोळखी माणूस आमच्या घरात रडतोय, असं वाटलं. मग मी लावला."

भिंगवाले कपाळावरचं भिंग उगाचच वर-खाली करत राहिले. इतके दिवस सगळ्यांकडे पाहणारे आपण, असं त्यांना वाटत होतं.

ती निघाली नाही. दुकानात तिने नजर फिरवली. एक स्टूल, एक डबा, एक पाण्याची बाटली.

"तुमच्या घरी कोण कोण असतं?" तिने विचारलं.

हा प्रश्न त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नव्हता. भिंगवाल्यांनी हातातलं काम बाजूला सारलं, गिऱ्हाइकांसाठीचं स्टूल पुसून तिच्यापुढे ठेवलं, आणि बायकोच्या नावापासून सुरुवात केली.